टेम्पोच्या मागे, कॅमेरा सुरू

मावशी, काल शेवट मिळाला.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुला कधी धीर नव्हता. कुठलीही गोष्ट मी पहिल्यापासून सांगायला लागले की तू हात हलवायचीस, "पोथे, मधलं राहू दे. काय झालं ते सांग." तर हे झालं. आपल्या चित्रपटाला शेवट मिळाला. तो मी टिपला, तुझ्या कॅमेऱ्यानं, माझ्या हातांनी. अर्धा तर चालत्या मोटारसायकलवरून. आता मधलं सांगते. या वेळी मला थांबवणारं कुणी नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. या दिवसांत लोक तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. कुणी धाडसी म्हणालं, कुणी ध्येयवेडी. त्या शब्दांत मला तू काही केल्या सापडेनास. बोरीतल्या बायका मात्र नुसतं "शूटिंगवाली भामाबाई" म्हणतात आणि हसू दाबतात. त्यात तू लगेच दिसतेस.

ते हसू कुठून सुरू झालं हे मला माहीत आहे. काकांचा बोरीत फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग ते करायचे, पण हळद, डोहाळजेवण अशा बायकांच्या कार्यक्रमाला त्यांना दारातच थांबावं लागायचं. म्हणून कॅमेरा तुझ्या हातात आला. तिसऱ्या की चौथ्याच डोहाळजेवणात तू तो घोळ केलास. फुलांचे दागिने घातलेली मुलगी झोपाळ्यावर बसलेली, बायका ओटी भरायला रांगेत उभ्या, आणि तू मागच्या परसात. तिथे मुलीची सासू आचाऱ्याशी भांडत होती. वरणात मीठ घातलं होतं की नव्हतं, एवढाच प्रश्न. तू पाऊण तास ते भांडण टिपत राहिलीस. झोपाळ्यावरची मुलगी सगळी मिळून चार मिनिटं.

दुसऱ्या आठवड्यात ते घर स्टुडिओवर चालून आलं. मी सुट्टीला आले होते, कोपऱ्यात वाचत बसले होते, सदा पुस्तकात म्हणून तुझी पोथी. मुलीचा बाप काकांवर ओरडत होता, "आमची लेक कुठं हाय यात? नुसती आमची विहीणबाई वरडायलीय!" तू संगणकावर ते पुन्हा लावलंस. सगळे चिडून बघायला लागले आणि दहा मिनिटांनी चिडल्याचं विसरले. सासूबाई स्वतःच पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मी असं बोलते व्हय गं? आगं बाई!" जाताना त्यांनी आणखी सहा प्रती मागितल्या.

ते लोक गेल्यावर तू मला विचारलंस, "त्या बाईला म्या आधी सांगितलं असतं, की आचाऱ्याशी भांडा, म्या शूटिंग करते, तर ती अशी भांडली असती का?" मी म्हणाले, नाही. तू म्हणालीस, "मग संपलं." तुझ्यापुरतं खरंच संपलं होतं. पुढं तू जे काही केलंस, ते सगळं या एका उत्तरातून निघालेलं आहे.

माझं मात्र संपलं नव्हतं. मी ग्रंथालयात नोकरी करणारी. माझ्या जगात प्रत्येक गोष्टीला क्रमांक असतो आणि ती त्या क्रमांकाच्या जागेवर मिळते. तू पहिली फिल्म करायचं ठरवलंस तेव्हा मी आनंदानं संवाद लिहिले. विहिरीवर दोन जावा बोलतात, असा प्रसंग होता. आपण कॅमेरा लावला आणि अर्ध्या तासात सगळी गल्ली नटून आली. बायकांनी पदर सारखे केले, पुरुषांनी टोप्या. सगळे एका ओळीत उभे राहून कॅमेऱ्याकडे बघायला लागले, कारण भामाबाईचा कॅमेरा म्हणजे लग्न. एका म्हातारीनं तर हात पुढे करून अक्षता मागितल्या.

"लगीन कुनाचं हाय गं?"

"तुमचंच की, आजी," तू म्हणालीस.

"आत्ता गं बया! आन नवरदेव?"

"हुडकायलोय."

सगळी गल्ली खिदळली. मी कागद घेऊन बाजूला उभी, माझ्या दोन जावा हसून बेजार, प्रसंगाचा पार विचका. तू मात्र कॅमेरा खाली घेतला नव्हतास. त्या फिल्ममध्ये माझं एक वाक्य शिल्लक नाही, पण ती म्हातारी आहे. ज्यांनी फिल्म पाहिली त्यांना तीच आठवते. मला ते आवडलं होतं, मावशी. तुझ्यासमोर कबूल करायचं राहून गेलं.

मग शहरातले ते निर्माते आले. त्यांना तुझी फिल्म आवडली होती, पण पुढच्या कामासाठी त्यांना आधी सगळं कागदावर हवं होतं. प्रत्येक प्रसंग, प्रत्येक वाक्य, कोण कुठून येतं, कुठं बघतं. मला तर दिवाळीच. मी दोन महिने खपून संहिता लिहिली. तू ती एका बैठकीत वाचलीस, पान न चुकवता. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. शेवटचं पान उलटून तू म्हणालीस, "लय चांगलं लिहिलंस, पोथे. खरंच. पर सगळं तर तूच बघून टाकलंस. आता म्या काय बघू?"

तू निर्मात्यांना नाही म्हणून कळवलंस. काकांनी एवढंच म्हटलं, "बरं झालं. ते लोक मला काठी धरू देनार नव्हते." काठी म्हणजे माइक बांधलेला तो लांब बांबू. तो धरण्याचा मान काकांनी आजवर कुणाला दिलेला नाही.

तर धुरपताबाई. त्यांच्यावर तू दीड वर्ष काम करत होतीस. मेंढरांमागे आयुष्य घालवलेली बाई. आता गुडघे चालू देत नाहीत, मुलं दुसऱ्या कामांना लागलेली, आणि कळप मंठ्याच्या भाच्याकडे जायचा आहे. ही त्यांची खरीच गोष्ट. त्यात आपण थोडं घालत होतो, थोडं काढत होतो. चित्रपटातली बाई कुठं संपते आणि धुरपताबाई कुठं सुरू होतात, हे तू ठरवलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, "तिलाच ठरवू दे की." शेवट राहिला होता. कळप जातो, बाई राहते. कळप जाणार तो दिवस एकच असणार होता.

त्यावरूनच आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हणत होते, एकच संधी आहे, तर आधी बसून ठरवू. ती कुठं उभी राहील, टेम्पो कुठून निघेल, ती काय बोलेल. तू लेन्स पुसत होतीस. म्हणालीस, "शेवट ठरवायचा नसतो गं. तो येतो." आणि मी बोलून गेले, "तुझी मोकळीक म्हणजे नुसता आळस आहे, मावशी. विचार करायचा कंटाळा. त्याला तू मोठं नाव देतेस."

तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. फडकं घडी घालून ठेवलंस आणि म्हणालीस, "बोलू." एवढंच. मी शेवटच्या गाडीनं परभणीला परतले. चार दिवसांनी काकांचा फोन आला. ते "बोलू" तसंच राहिलं.

तेराव्यानंतर काकांनी सांगितलं, धुरपताबाईचा भाचा नामदेव परवा टेम्पो घेऊन येतो आहे. थांबायला सांगू का, असंही त्यांनी विचारलं. पण त्याला तरी कसं थांबवणार? चारा संपत आला होता, आणि त्याला त्याची कामं. परवा गेलं की गेलं. चित्रपट असाच बिनशेवटाचा राहिला असता, कायमचा. काका म्हणाले, "कॅमेरा हाय. काठी म्या धरतो. तू बघ."

मी काय केलं असेल, ओळख. मी शेवट लिहिला. दोन पानं, सुबक, ग्रंथालयाच्या प्रिंटरवर तीन प्रती. धुरपताबाई बांधावर उभी राहते. टेम्पो दूर जातो. ती रडते आणि मेंढरांशी बोलते. बोलणं फार सुंदर होतं, मावशी. लिहिताना मीच रडले होते.

काल सकाळी बोरीजवळच्या त्या वावरात पोचले. रात्रभर कळप तिथे बसलेला, सगळं वावर लेंड्यांनी काळं झालेलं. धुरपताबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी त्यांच्यासमोर मातीत बसून दोन्ही पानं मोठ्यानं वाचली. त्यांनी हनुवटीखाली काठी टेकवून शेवटपर्यंत ऐकलं.

"लय ग्वाड लिवलंस, बाई."

"जमेल ना?"

"जमंल की. पर हे बोलनारी कोन हाय?"

"तुम्हीच."

"म्या?" त्यांनी काकांकडे बघितलं. "आवं, म्या मेंढराशी इतकं कवा बोलले? इतकं बोलले आसते तर ते केव्हाच पळून गेले आसते."

काका हसले आणि काठी हलली. मी पानांची घडी करून पिशवीत टाकली. मला राग आला होता, खरं सांगते. मग टेम्पो आला.

मेंढरं चढेनात. नामदेवानं टेम्पोचा मागचा फाळका पाडला, फळी लावली, एकाचे कान धरून ओढलं, दुसऱ्याला मागून लोटलं. दोन चढली की तीन उड्या मारून खाली. धूळ, आरडाओरडा, नामदेव घामाघूम. मी कॅमेरा घेऊन बांधावर उभी, कारण माझ्या पानात धुरपताबाई बांधावर उभ्या होत्या. पण त्या बांधावर राहिल्याच नाहीत. चालत आल्या, नामदेवाला म्हणाल्या, "सोड रे त्येला. कान तुटंल." आपली काठी त्याच्या हातात दिली, पदर खोचला, आणि हात धरायला कुणी येण्याआधी स्वतःच ती फळी चढून टेम्पोत गेल्या. ते गुडघे घेऊन! आत जाऊन वळल्या आणि जिभेनं टाळूवर तो आवाज काढला. तुला माहीत आहे तो आवाज. तू त्याच्यासाठी एकदा तीन दिवस थांबली होतीस.

घंटीवाली शेळी आधी निघाली. मागून मेंढरं. एकामागे एक, अगदी शाळेतल्या मुलांसारखी. सगळा कळप त्यांच्यामागे चढला, मावशी! कळपाला घालवणारी तीच बाई आणि तो तिच्यामागेच चालला होता. मी बांध सोडून कधी पळत पुढे आले ते मला आठवत नाही. कॅमेरा सुरू होता एवढं खरं.

आता धुरपताबाई उतरतील, टेम्पो निघेल आणि मी मागे बांधावर जाऊन त्यांचा चेहरा घेईन, असा मी मनात हिशोब मांडत होते. नामदेवानं फाळका लावला. "आत्या, हिकडून उतर, हात दे." धुरपताबाई मेंढरांच्या मधोमध उभ्या. त्यांनी केबिनच्या टपावर थाप मारली.

"हाक गाडी."

"आगं आत्या, उतर की!"

"हाक म्हनले न्हवं? जलमभर यांच्या मागं चालले. आज माझ्यासंगं गाडीत बसून जायलेत. येते म्या बी थोडं."

आणि टेम्पो निघाला. त्यांना घेऊन! माझी दोन्ही पानं, बांध, रडणं, सगळं मागे ठेवून तो वावरातून डुलत डुलत रस्त्याला लागला.

मावशी, मी आयुष्यात कधी ओरडलेली नाही. ग्रंथालयात ओरडत नाहीत. पण मी ओरडले, "काका, गाडी काढा!"

काकांनी काठी टाकून दिली. आजवर कुणाच्या हातात न दिलेली ती काठी वावरात फेकली आणि त्या वयात मोटारसायकलकडे धावले. मी मागे बसले. कॅमेरा त्यांच्या खांद्यावर टेकवला. समोर टेम्पो, फळ्यांच्या फटीफटीतून मेंढरांची तोंडं, आणि वर धुरपताबाई, एक हात टपावर, पदर निशाणासारखा उडतोय. त्या हसत होत्या. माझ्या पानांत हसू कुठेच नव्हतं. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत, मावशी, पण निरोप देताना माणूस असंही हसू शकतं, हे मला सुचलंच नव्हतं.

"काका, तुमची टोपी मध्ये येतेय! मान खाली घाला!"

"मान खाली घातल्यावर रस्ता कसा दिसंल गं?"

"मग टोपी काढा!"

त्यांनी एका हातानं टोपी काढून शर्टात कोंबली. तुझ्यासाठी केस उतरवलेलं ते डोकं उन्हात चमकायला लागलं. खड्डा आला की चित्र आभाळात जायचं आणि परत यायचं. आवाजाचं काय झालं असेल देव जाणे, काठी तर वावरातच. घरी आल्यावर ऐकलं. वारा आहे, इंजिन आहे, मेंढरांचं ओरडणं आहे, आणि सगळ्यात जवळ एक विचित्र आवाज आहे. मला आधी वाटलं काका खोकतायत. नंतर कळलं, काका रडतायत आणि हसतायत, दोन्ही एकदम. तो आवाज मी ठेवणार आहे.

त्या रस्त्यावरच मला तुझ्या त्या "बोलू"चं उत्तर मिळालं. आळशी माणूस संहिता लिहितो, मावशी. लिहून ठेवलं की पुढं बघावं लागत नाही. काल मला बघावं लागलं, प्रत्येक क्षणी, पापणी न लववता. पुढच्या वळणावर काय होईल हे ठाऊक नसताना डोळे किती काम करतात! संध्याकाळी मी इतकी थकले होते की हातानं घास उचलवेना. तू दीड वर्ष रोज हे करत होतीस, आणि वर मी तुला कंटाळा म्हणाले. माझं चुकलं. हे मला तुला तोंडावर सांगायचं होतं. इथे लिहिते आहे, पण त्यात ते समाधान नाही. तू ऐकून म्हणाली असतीस, "बरं बरं, चल, बॅटरी चार्जिंगला लाव." तेवढंच मला हवं होतं.

टेम्पो देवगाव फाट्याला थांबला. इथून मंठ्याचा रस्ता फुटतो. नामदेव खाली उतरला, घाबरलेला. "आत्या, तू मंठ्याला येतीस का काय? घरी काय सांगू?"

"न्हाई रे बाबा. हितवरच."

त्यांना उतरवायला तिघे लागले. उतरल्यावर त्यांनी फळीच्या फटीतून हात घालून त्या घंटीवाल्या शेळीचं कपाळ एकदा दाबलं. हात काढून घेतला. टेम्पो निघाला, आणि सगळ्या फाट्यावर त्याच्याकडे न बघणारी धुरपताबाई ही एकटीच बाई होती. सरळ चहाच्या टपरीकडे चालत गेल्या. बाकड्यावर बसल्या. गुडघे दोन्ही हातांनी दाबले. चहा आला, त्यांनी बशीत ओतला.

मी घेत राहिले. आणि तिथं मला भीती वाटली. पहिल्यांदाच. टेम्पो गेला होता, बाई चहा पीत होती, आणि हे कुठं थांबवायचं ते मला कळेना. तू कधी "कट" म्हणत नव्हतीस. कॅमेरा तुझ्या हातातून आपोआप खाली यायचा, मागे बसलेल्या आम्हाला कळायचं की संपलं. कसं कळायचं तुला? ते मी कधी विचारलं नाही. आता विचारणार कुणाला? हात भरून आले होते. काका शेजारी उभे होते.

धुरपताबाईंनी बशी खाली ठेवली.

"झालं न्हवं?"

"माहीत नाही, आजी."

"मग कुनाला म्हाईत हाय?"

मी कॅमेरा तसाच धरून उभी होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कॅमेऱ्याकडे नव्हे, त्याच्या मागे, माझ्याकडे. मग त्यांनी बाकड्यावर थोडं सरकून शेजारची जागा हातानं झाडली.

"भामाबाई गेली. मेंढरं गेले. आता ह्ये बंद कर, पोरी, आन हितं बस. च्या निवायलाय तुझा."

मी बंद केला, आणि बसले.